कपाटामागची खिडकी

निरोपाचा हार अजून खुंटीवर होता,
झेंडूचा पार चुरा झालेला,
तेव्हाच मी म्हटलं, कपाट हलवायचं.
"कुठं?" हे म्हणाले,
जसा काही मी शेंदूर लावलेला दगडच हलवायला काढला.

चौतीस वर्षं ते खिडकीला पाठ लावून उभं.
खंडव्याहून रात्रभर मालगाडी ओढून
उन्हं वर आल्यावर भुसावळात उतरणाऱ्या माणसाला
दिवसाची रात्र करून द्यायची,
म्हणून लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात
खळ शिजवली, काचांना वर्तमानपत्रं डकवली,
आणि त्यावर कपाट.

मग घर चवड्यांवर चाललं.
शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजली.
हर्षल आणि रूपाली कुजबुजत पाढे शिकले.
बाईंनी एकदा वहीत लिहून पाठवलं :
मुलगी मोठ्यानं वाचत नाही, घरी कुणी आजारी आहे का?

निंबाभाऊ आले शेजारून.
पायांखाली गोणपाट सारलं.
हे मागून ढकलत होते आणि सांगत होते,
"सावकाश, लोड आहे, सावकाश."

मागं भिंत अजून आकाशीच.
बाकीची खोली दोनदा पिस्ता झाली, एकदा पांढरी,
तो चौकोन मात्र नव्या नवरीसारखा.
शहाबादीवर गंजाच्या चार चकत्या,
पालीची अंडी, चार आणे, रूपालीचा चाप,
आणि विम्याचं ते पाकीट,
ज्यावरून आम्ही आठ दिवस बोललो नव्हतो.
हे म्हणाले, "बघ."
मी म्हटलं, "तुम्हीच ठेवलं होतं."

कागद भिजवून उलथन्यानं खरवडला.
केळीचा भाव, कुणाचं तरी लग्न,
तळहातावर उलटी अक्षरं.
कडी बत्त्यानं ठोकली तेव्हा कुठं उघडली,
आणि मला माझीच परसदारी दिसली.
फुटक्या बादल्या, तोटी गेलेला बंब,
दगड झालेलं सिमेंटचं पोतं.
नजर जात नाही तिथं मी सगळं टाकत गेले होते.

मग आठ दिवस बाहेरच.
तेलाचे डबे रंगवले, उरलेला पिस्ता कामी आला.
बंबात गवती चहा.
सावद्याच्या भाच्यानं केळीचा मुनवा आणून दिला,
तो मोरीच्या पाण्यावर.
बाज निंबाखाली ओढली,
तर बिबड्यांनी दोन दिवस तीच अडवली.
घरातलं बाहेर, बाहेरचं घरात,
फुटकी बादली तेवढी भंगारवाल्याला.

दुपारी खोलीत ऊन आलं,
थेट यांच्या डोळ्यांवर.
टॉवेल टाकला, कूस बदलली, उठून बसले.
"मले उजेडात नीज नाही येत वं."
कपाट परत लाव, असं मात्र म्हणाले नाहीत.
मी गोणपाट ओलं करून खिडकीला टांगलं,
संध्याकाळी काढलं.

रात्री तर त्यांना झोप ठाऊकच नाही.

दोन वाजता जाग आली. शेजारी उशी थंड.
दाराजवळची खुर्ची,
ज्यावर बसून बूट चढवायचे,
ती खिडकीशी नेलेली.
या घरात त्यांनी आपणहून हलवलेली पहिली वस्तू.
कोपर चौकटीवर, मान किंचित पुढं.
लांब यार्डात वाघिणी एकमेकींना धडकल्या.
निंबाभाऊंच्या गच्चीवर लग्नाच्या माळेतला
एकच बल्ब उरला होता.

हे हळूच म्हणाले, "हिरवा."

शेजारच्यानं ऐकून तसंच म्हणायचं असतं,
हे त्यांनीच सांगितलं होतं कधीतरी,
जेवताना, मी पोळी उलटत असताना.
अंधारातून मी म्हटलं, "हिरवा."

त्यांनी वळून पाहिलं नाही.
गाडी चालवताना पाहत नाहीत.

सकाळी झाडताना
खुर्ची उचलली नाही मी,
तिच्या पायांभोवतीनं केरसुणी फिरवली.