आडनाव रोड

टाकळखेडं इथून अडीच कोस.
तिथले म्हणाले, इंजिनाच्या धुरानं म्हशी आटतात.
म्हणून रूळ वळवले, आणि स्टेशन पडलं
एका हिवराखाली, जिथं कोणीच राहत नव्हतं.
पाटीवर रंगवलं: टाकळखेडा रोड.
असं आमचं गाव दुसऱ्याच्या नावानं जन्मलं
आणि आडनाव लागलं रोड,
जो तेव्हा नव्हताच. गाडीवाट होती, चिखलाची.

पहिल्या शिरगणतीत माणसं एक्केचाळीस.
मास्तर, दोन काटेवाले, एक पाणक्या,
बाकी गँगमन, तेलंगी मुलखातले, बायकापोरांसकट.
जन्मठिकाणाच्या रकान्यात एक्केचाळीस वेळा
दुसरंच कुठलं तरी गाव.
त्यांतली पोचम्मा ड्रायव्हरला मामा म्हणायची
आणि बॉयलरचं उकळतं पाणी मागून
तुरीच्या घुगऱ्या शिजवायची.

मग कापूस आला. कापसामागं जिनिंग,
जिनिंगमागं एदलजी काँट्रॅक्टर,
त्याच्यामागं कच्छचा हंसराज, मिठाची तीन पोती घेऊन.
प्रेसचा भोंगा पहाटे चारला.
टाकळखेड्याचे कोंबडे भोंग्यानंतर आरवू लागले.
एक हजार एकशे सहा डोकी, आणि गावाची विहीर एकच,
तिच्यावर आम्हाला मनाई.
दुसरी विहीर रेल्वेची. पाटी होती: फक्त इंजिनासाठी.
रात्री आमच्या पुऱ्यातल्या बाया तिथूनच घागरी भरत.
इंजिनाला विटाळ होत नाही.
पाणक्या आमचाच होता, सुकराम,
त्याला रात्री ऐकू कमी यायचं.

चार हजार दोनशे बारा: ही सगळ्यात मोठी संख्या.
तेव्हा मंगळवारचा बाजार टाकळखेड्याहून इकडं सरकला,
तंबूतला सिनेमा महिनाभर मुक्कामी राहिला,
आणि मुली ‘टेसनावर दिली’ असं मिरवून सांगत.
माझा बाप काटेवाला. त्याच्या तळहाताला
लोखंडाचा वास यायचा, अंघोळीनंतरही.

उतरण कधी लागली ते कळलं नाही.
प्रेस भंगारात गेली, भोंगा कोणी नेला माहीत नाही.
गार्ड सुभान खाँ शेवटी शेवटी
स्वतः उतरून फाटक लावायचा,
गाडी पुढं काढायचा, मागं येऊन फाटक उघडायचा,
रिकाम्या रस्त्यासाठी.
मग एक दिवस ती आली नाही.
स्लीपर आता कित्येक दारांच्या चौकटी आहेत.
आमच्याही.

मागच्या शिरगणतीला कागद माझ्या हातात होते,
झेडपीचा मास्तर म्हणून.
अठ्ठावीस फेब्रुवारीची रात्र, बेघरांची मोजणी.
वेटिंग रूममध्ये घिसाड्यांचं बिऱ्हाड होतं,
भाता, ऐरण, दोन गाढवं प्लॅटफॉर्मवर.
माणसं सतरा, मी लिहिलं.
कोपऱ्यात लुगड्याचा आडोसा, आणि आतून रडणं.
मध्यरात्रीच्या आत जन्मलेलं मोजायचं,
नंतरचं नाही, असा नियम.
मी वर पाहिलं. स्टेशनचं घड्याळ
चार वाजून दहा मिनिटांवर, कित्येक वर्षं.
म्हातारी सुगंधा म्हणाली,
‘मास्तर, घड्याळ बंद हाये तं काय झालं,
लेकरू चालू हाये. लिवा न तिलेबी.’

लिहिलं. स्त्री. वय शून्य.
जन्मठिकाण: हेच.
गावाचा आकडा झाला एक हजार नऊशे सत्त्याण्णव,
आणि सकाळी त्यातले अठरा निघून गेले.
लिदीवर एक कावळा, आणि ऐरणीचा खड्डा.
मी आकडा दुरुस्त केला नाही.

आता हायवेवर एसटी थांबते.
कंडक्टर टाकळखेडा म्हणत नाही,
स्टेशन तर नाहीच.
‘रोडवाले उतरा,’ म्हणतो,
आणि आम्ही पिशव्या सावरत उतरतो,
तीन, कधी चार जण.