पहिली पंगत

दुमागेतेला रात्रीचे दोन वाजतात
तेव्हा लांब उत्तरेकडची माणसं
संध्याकाळचा चहा टाकतात
आणि आमच्यावर चिडतात.

माझं काम निवडायचं.
आई वेताचं सूप घेऊन बसते, आम्ही त्याला नीगो म्हणतो,
खडा दिसला की अंगठ्यानं बाजूला.
तिच्या सुपात खडे कमी,
माझ्या सुपात तांदूळ.

शिवी : काढ.
झटपट कर्ज, पोट घटवा, इथे दाबा : काढ.
"छान." काढ, नुसत्या छानला वजन नसतं.
एकच मजकूर सात नावांनी? सहा काढ.
शोधयंत्राला उष्टं चालत नाही,
असं रोमुअल्डो सर म्हणतात, तेही आवाज उतरवून,
जसे आमचे कोळी समुद्राबद्दल बोलतात
पाण्यात उतरण्याआधी.
कुणी पाहिलेलं नाही त्याला.
रात्री येतं, पानापानाची चव घेतं, उठून जातं.
ज्याचं पान निवडक, तो पहिल्या पंगतीला.
दुसऱ्या पंगतीपर्यंत
भूक असलेलं कुणी थांबत नाही.

मार्चमध्ये आला मॅग्नस रेंडल, ऑर्कनी बेटांवरून.
किटली घेतलेली. तारे तीन.
"शिट्टी मोठी आहे. थोराला कमी ऐकू यायचं
म्हणून मुद्दाम ही मागवली.
ती रविवारी गेली. पार्सल मंगळवारी आलं.
आता शिट्टी वाजली तरी मी लगेच उठत नाही.
वाटतं, ती उठेल."

नियम चार : वस्तूविषयी नाही, काढ.
बोट बटणावर होतं.
मजकुराला हात लावायचा नाही आम्ही,
पण वरचं शीर्षक आम्हीच देतो.
मी लिहिलं :
दोन लिटर, स्टील, मोठ्या शिट्टीची किटली, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी.
म्हाताऱ्याच्या दुःखाला दुकानाचा कोट चढवला
आणि दारातून आत घेतलं.

यंत्राला चव आवडली.
पंधरा दिवसांत पहिली पंगत, पहिलं पान.
जगात कुठंही कुणी किटली शोधो,
आधी थोरा भेटायची, मग किटली.
विक्री वाढली. सरांनी बुदबुद वाटला,
केळीच्या पानात गुंडाळलेला, अजून कोमट.
म्हणाले, क्रिसांता,
असं आणखी असेल तर वर घे.

आणखी आलं.
मे महिन्यात टोस्टरवर एक बायको गेली.
इस्त्रीवर दोन.
बागेच्या नळीवर कुणाचे तरी वडील, तारे पाच.
एका आठवड्यात चाळीस माणसं,
सगळी रविवारी.
पार्सलं सगळी मंगळवारी.

मग नियम अकरा : मयताचे मजकूर एकसारखे, काढ.
मी काढत गेले. अंगठा सरावाचा.
बावीस. तेवीस.
चोविसाव्याशी अडले, नळीवाले वडील.
एखाद्या रविवारी
कुणाचे वडील खरंच गेले असतील की.
खडा पांढरा, तांदूळही पांढरा,
आणि दिव्याखाली डोळे चुरचुरतात.

एकेचाळिसावा मॅग्नस रेंडल.
सर, हा मूळ आहे, मी म्हटलं.
इतक्या नकलांत मूळही नक्कलच दिसतं गं,
ते म्हणाले, वाईट वाटून नाही,
नुसतं हिशेब सांगितल्यासारखं.

मी त्याला काढला नाही. ठेवलाही नाही.
शिफ्ट संपेपर्यंत पडद्यावर तसाच राहू दिला.
पुढची पाळी जुनरेची होती.
त्याला मी काही सांगितलं नाही.

घरी आले तेव्हा उजाडत होतं.
आई भिंतीला टेकून, सूप मांडीवर.
पाणी चुलीवर ठेवलेलं, साध्या पातेल्यात.
आमच्याकडे किटली नाही.
झाकण थडथडलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे,
आणि कितीतरी वेळ
कुणीच उठेना.