किमान

नोल्बेर्तो कुतुर्रूफो घुमट उघडतो
तेव्हा खाली एल्कीच्या खोऱ्यात
शेळ्यांच्या घंटा अजून थांबलेल्या नसतात.
"चला, म्हातारीला भेटू," तो म्हणतो.
म्हातारी म्हणजे सूर्यासारखाच एक पिवळा तारा,
यादीत नुसता आकडा. नाव त्यानंच ठेवलेलं.

चोवीस वर्षं. दर हिवाळ्यात दोन-तीनदा
अकरा मिनिटांचा उजेड
काचेच्या धाग्यातून तळघरात उतरतो
आणि रेषा सांगतात : ती आपल्याकडे येतेय,
सायकलवरून पाव आणायला निघालेल्या पोराच्या वेगानं.
मग कित्येक वर्षं : दूर चाललीय. तशीच, रमतगमत.

कुणीतरी हात धरून तिला फिरवतंय.
तो कुणी आम्हाला कधीच दिसलेला नाही.

मधे एकदा धागा बदलला, तर शून्यच सरकलं.
आलेखाला भेग. तिचे दोन काठ जुळवण्यात
माझं अख्खं गर्भारपण गेलं.
मुलगी आता नववीत आहे,
त्या ग्रहाचं एक वर्ष अजून पुरं व्हायचंय.

नोल्बेर्तोचा बाप द्राक्षं तोलायचा, दांडीच्या काट्यावर :
आकड्याजवळ भरलेली पाटी,
पलीकडे लांबच लांब दांडी
आणि टोकाकडे सरकत जाणारं मुठीएवढं वजन.
"लांब गेलेलं हलकंसुद्धा जडाला तोलून धरतं.
तुम्ही लोक शाळेत काय शिकलात?"

मी शिकले ती अडचण.
दांडी आपल्याकडे किती कललीय, उजेड सांगत नाही.
म्हणून निबंधात लिहायचं : किमान.
किमान दोन शनी. जास्त असेल. किती, देव जाणे.

मार्चात अंतराळातल्या दुर्बिणीचे आकडे आले.
म्हातारीचं आडवं डुलणं :
चंद्रावर शिडी उभी केली
तर इथून दिसेल, तेवढं.
दोन्ही हिशेब एकत्र बसवले, पहाटे चारला.
आम्ही ती फेरी जवळजवळ डोक्यावरून बघत होतो.
दोन शनी नाहीत. चार गुरू.

नोल्बेर्तो बराच वेळ चहा ढवळत राहिला.
"व्यापारी दांडी तिरकी धरायचे," म्हणाला,
"बाप रात्री घरी येऊन शिव्या घालायचा.
म्हणजे इतकी वर्षं आपणही मापात पाप केलं?"
आपण नाही, मी म्हटलं. पण लगेच नाही म्हटलं.

सप्टेंबरात तो निवृत्त होतोय.
फेरी पुरी व्हायला अजून तीन हिवाळे.
घुमट मिटताना त्यानं वहीत लिहिलं :
वारा उत्तरेचा. आर्द्रता चौदा.
म्हातारी वेळेवर.