सव्वा सेकंद

शनिवारी चार वाजता मी भट्टीत शेवटचे ओंडके सारतो
आणि दार लावून घेतो.
मग ते येतात. टॉवेल खुंटीला, चष्मे खिडकीत,
अंगावर चिंधी नाही,
आणि वरच्या बाकावर टेकायच्या आधीच उर्पो म्हणतो,
"प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच, हे मला मान्य नाही."
जसं कुणी म्हणावं, यंदा बटाटा महाग आहे.

उर्पोनं एकेचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या,
टाम्पेरेत आणि आसपासच्या गावांत.
इल्मोनं फिरत्या वाचनालयाची बस चालवली.
कुणी फिरकलं नाही की मागच्या कपाटातली
विज्ञानाची पुस्तकं काढून वाचायचा,
तेवढ्यात पुढच्या गावाची वेळ व्हायची.
त्यामुळे विश्वाबद्दल त्याला सगळं ठाऊक आहे,
प्रत्येक पुस्तकाच्या साधारण निम्म्यापर्यंत.

"जुळे भाऊ घे," इल्मो म्हणतो,
"एक ताऱ्याकडे जाऊन येतो, तो कमी म्हातारा होतो."
"माझा जुळा भाऊ स्वीडनला गेला," उर्पो म्हणतो,
"टक्कल घेऊन परत आला.
आणि तो माझ्यापासून लांब गेला की मी त्याच्यापासून,
हे कोण ठरवणार?
इथेच तुमचं घोडं पेंड खातं."
दगडांवर पाणी पडतं. चर्र होतं.
थोडा वेळ कुणालाच बोलता येत नाही.

एकदा ओन्नी आला होता, इल्मोचा नातू,
विद्यापीठात हेच शिकणारा.
वाफेनं धुरकटलेल्या दाराच्या काचेवर
त्यानं बोटानं समीकरण लिहिलं.
ते बरोबर होतं म्हणे,
पण बरोबरच्या चिन्हापुढे पोचेपर्यंत
डावी बाजू ओघळून गेली.
दहाव्या मिनिटाला बीटासारखा लाल होऊन पोरगा बाहेर,
बर्फात उताणा.

उर्पोची वही आहे, चौकटींच्या कागदाची, दोनशे बारा पानं.
ती त्यानं हेलसिंकीला पाठवली.
एक कार्ड आलं: आपलं हस्तलिखित मिळालं, आभार.
कार्डाला त्यानं प्लॅस्टिक चढवून घेतलं.
माझ्या तिकिटाच्या खिडकीत ते आठवडाभर लावलेलं होतं,
मग मीच म्हटलं, बुवा, घरी ने.

जानेवारीत, बाहेर उणे सव्वीस असताना,
बोलता बोलता त्यानं ती गोष्ट काढली.
जुन्या सूतगिरणीतली मालवाहू लिफ्ट.
दोर तुटला. सुरक्षेची पकड लागेपर्यंत तीन मजले.
"तुमचे प्रोफेसर कागदावर पडतात," उर्पो म्हणाला,
"मी खरा पडलोय. विचारा मला.
हातातला पाना सुटला,
आणि खाली गेलाच नाही.
इथे, माझ्या छातीपाशी, नुसता थांबला,
भिंतीला टांगल्यासारखा, पण भिंत नाही.
पायाखालची फळी होती, पण ती मला धरत नव्हती.
मी म्हटलं, मी पडतोय? कुठे पडतोय?
काहीच पडत नव्हतं.
डोळे मिटले असते तर शपथेवर सांगितलं असतं,
वजन नावाची गोष्टच नाही जगात.
सव्वा सेकंद. मग ढांग.
हे त्यांच्या कुठल्या पुस्तकात आहे, सांग."

इल्मोनं माझ्याकडे पाहिलं.
हे सगळ्या पुस्तकांत आहे.
पहिल्या निम्म्यातच आहे.
"उर्पो, अरे, हेच तर—" तो म्हणाला आणि थांबला.
डाव त्याच्याच हातात होता, काठोकाठ भरलेला.
अकरा वर्षं या क्षणाची वाट पाहिलेला माणूस.

त्यानं तो दगडांवर ओतला.
चर्र. कान भाजले. माना खाली गेल्या.

"नाही," वाफ निवल्यावर इल्मो म्हणाला,
"मी तरी कुठे वाचलेलं नाही."
"बघ," उर्पो म्हणाला.

नंतर दोघं बाहेर ओट्यावर बसले,
टोप्या घालून, बाकी तसेच,
अंगातून वाफा निघत होत्या आणि सॉसेज एकच उरलं होतं.
ते कुणी खावं, यावर पुन्हा जुंपली.
पाना अजून आहे का, हे मला विचारायचं होतं.
राहूनच गेलं.