सरावाचं गाव

जांबोटीच्या रस्त्याला, तारेच्या आत
सात घरांचं एक गाव आहे
जिथं कुणी जन्मलं नाही.
विहीर आहे, पाणी नाही.
देऊळ आहे, देव नाही,
घंटा मात्र खरी, खानापूरच्या बाजारातली.

तिथं मी रोजावर संशयित असतो.

सकाळी सहाला ट्रक येतो, आम्ही नऊ जण चढतो.
सुभेदार वहीत बघून कामं वाटतो :
लुमाण्णा, तू आज माहिती लपवणारा म्हातारा.
मोनाप्पा, बंदूक तुझ्याकडं, माळ्यावर बस.
कलावतीबाई, तुम्ही रडायचं,
पण कालच्यासारखं नको, पोरं गांगरतात.

पोरं म्हणजे जवान. कुणाला अजून मिसरूड नीट नाही.
दारावर लाथ मारायची की थाप
हे ती माझ्या दारावर शिकतात.
पहिल्या आठवड्यात लाथ.
चौथ्यात थाप.
कडी मी तीनदा बदललीय.

"घर में कौन है?"
मी कानडीत उत्तर द्यायचं, असा हुकूम.
"यारू इल्ला."
त्यांना कळू नये, म्हणून.
मला आतल्या आत हसू येतं.
तहसीलच्या खिडकीपाशी हाच खेळ
मी जन्मभर खेळलोय की,
फक्त न कळणारा मी असायचो.

दुपारी झाडाखाली फळा लावतात.
साहेब खडूनं गावं रंगवतो,
लाल म्हणजे त्यांची, हिरवी म्हणजे आपली.
आमच्या सात घरांना पिवळा.
मी चहाची किटली धरून विचारलं, पिवळा म्हणजे?
"अजून ठरलं नाही."
मला वाटलं सांगावं,
साहेब, आमचं खरं गावसुद्धा
कुणाच्या ना कुणाच्या नकाशात
माझ्या बापाच्या वेळेपासून पिवळंच आहे.
तरी भात पिकतो, पोरं फौजेत जातात.
बोललो नाही. चहा ओतला.

माझा भरमू तिकडं पूर्वेला आहे.
राज्याचं नाव मला धड म्हणता येत नाही.
रविवारी फोन येतो : जेवलो, थंडी आहे, बूट चांगले आहेत.
एकदाच विचारलं त्यानं,
आबा, तुम्ही म्हातारे नेमकं काय लपवता हो?
थट्टेत नव्हता.
मी म्हटलं, आमच्यात तर मोनाप्पा असतो.
मग दोघंही गप्प.
त्याच्या फोनमध्ये कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, बराच वेळ.

गेल्या मंगळवारी नवी तुकडी आली.
त्यात एक बुटका पोरगा, डोळे बारीक, आवाज मऊ.
त्यानं थाप मारली. मी दार उघडलं.
उंबऱ्याशी वाकला आणि
बुटाची नाडी सोडायला लागला.

शिट्टी वाजली.
साहेब धावत आला, मान लाल :
बूट काढलास? इथं मेलास तू! समजलं? मेलास!
माळ्यावरून मोनाप्पानं
हळूच "ठो" केलं, त्याचं कामच ते.
पोरगा एका पायात बूट घालून ताठ उभा.
"साहेब, घर होतं," एवढंच म्हणाला.

गुण कापले. कापायलाच हवेत.
मीही माळ्याकडं बघितलं होतं,
बंदूक लाकडाची नसती तर तो खरंच मेला असता.
आणि तरीही,
तीन वर्षांत पहिल्यांदा
मला वाटलं होतं, सांगून टाकावं,
वर आहे तो, शिडी डावीकडं.

संध्याकाळी ट्रकमध्ये कुणी बोललं नाही.
कलावतीबाई पदरानं तोंड पुसत होती,
दिवसभराचं रडणं चिकटतं म्हणे.
घरी आलो. चपला बाहेर काढल्या.
उंबऱ्यात जरा थांबलो.

रविवारी फोन आला.
जेवलो, थंडी वाढलीय, म्हणाला.
बुटांचं काही बोलला नाही.
मीही विचारलं नाही.