कडेचे खुंट

मेरेरिडचं दुकान पूर्वी चॅपलची रविवारची शाळा होतं.
स्तोत्रांचे क्रमांक लावायची फळी अजून भिंतीवर आहे,
तिच्यावर आता हवेचे आकडे:
पुढे बावीस, मागे पंचवीस,
आणि खाली खडूनं, 'पाऊस असेल तर विचारून घ्या.'
ब्लायनायमध्ये पाऊस नसला
की लोक एकमेकांना विचारतात, सगळं बरं आहे ना.

मी हलकं टायर मागितलं.
ग्रॅम पाठ करून गेलो होतो,
गुडघ्याला बाशिंग बांधून.
ती म्हणाली, "चढताना कौतुक होईल तुझं.
उतरताना पाटीची एक धार लागली
की बगल उसवेल टराटरा."
खोटं नाही. आमचे डोंगर पाटीच्या दगडाचे.
आजे-पणजे आतून पोखरत गेले,
चांगलं ते लोकांच्या छपरांवर गेलं,
उरलेला चुरा
पायवाटांवर उभ्या सुऱ्यांसारखा पडून आहे.

तिनं दोन टायर काउंटरवर टाकले.
"अंगठा दाब."
पहिलं दबलं, आणि सावकाश, नाखुशीनं वर आलं,
सकाळी बसथांब्यावर उभ्या असलेल्या पोरासारखं.
दुसऱ्यानं माझा अंगठाच परत पाठवला.
"मऊ ते पुढे. ओल्या मुळांना तेवढंच धरतं.
टणक ते मागे.
मागचं घसरलं तर सांगायला गोष्ट होते,
पुढचं घसरलं तर हाड जातं."

माझा हात आपोआप गळ्याच्या हाडावर गेला.
ऑक्टोबर. लार्चच्या झाडांखालचं उजवं वळण.
नंतर आठ आठवडे
शाळेची बस दुसऱ्यानं चालवली,
आणि तो जास्त चांगली गाणी लावायचा म्हणे.

"जुनं आणलंस?"
आणलं होतं. तिनं ते खिडकीशी धरलं,
हळूहळू फिरवलं, सबंध एक फेरा.
मधले खुंट झिजून बोथट.
कडेचे काल साच्यातून काढल्यासारखे.
दोन हिवाळे, आणि पाटी कोरी.
"गेथिन, तू सायकल कधी कलवलीच नाहीस."

म्हटलं, वळणं तर सगळी घेतली.
"घेतलीस. हँडल फिरवून. बस वळवतात तशी."
मग तिनं नख ठेवलं
मधल्या आणि कडेच्या खुंटांमधल्या रिकाम्या पट्टीवर.
"इथे काही नाही. मुद्दामच ठेवलेलं नाही,
चिखल निघून जायला.
थोडासा कललास की तू इथे येतोस.
सरळ नाहीस, आडवा नाहीस, कशालाच धरून नाहीस.
सगळे इथेच घाबरून अंग ताठ करतात.
तूही केलंस.
आणखी कलला असतास
तर कडेचा खुंट मिळाला असता.
पण तो मिळाल्याशिवाय कळत नाही."

मी किंमत विचारली.
दुसरं काय विचारणार?

दुपदरी कापडाचं, जाड, जड, पुढचं मऊ.
आत पांढरं औषध ओतलं, तिनं हवा सोडली,
आणि टायरची कड रिमवर बसली,
धाड, मग थांबून, धाड.
वर माळ्यावर तिचं कुत्रं भुंकलं.
ती म्हणाली, "तो अजून सरावलेला नाही."

शनिवारी गेलो. बावीस, पंचवीस.
मुळं काळी, ओली, मांजराच्या पाठीसारखी चमकणारी.
काय झालं ते सांगण्यासारखं नाही.
पडलो नाही. एवढंच.
एका वळणावर खालून कुणीतरी
पाय धरावा तशी सायकल धरली गेली,
आणि मी मोठ्यानं काहीतरी बोललो
जे बसमध्ये बोलता येत नाही.

घरी येऊन, धुण्याआधी,
परसात टायरसमोर उकिडवा बसलो.
नव्या टायरला केस असतात,
रबराचे, बारीक, साच्याच्या भोकांतून आलेले.
डाव्या कडेचे गेले होते.
साफ.
उजव्या कडेचे होते तिथेच,
चिखलातसुद्धा ताठ.
सतरापर्यंत मोजले,
मग दिसेनासं झालं.