चुका, बहुवर्षायू

हडर्सफील्डला आमच्या मागच्या अंगणात
ऊन दुपारी दोनला येतं
आणि साडेतीनला भिंत चढून निघून जातं.
तेवढ्यात जे रुजेल ते आपलं.

हालिनाबाईंनी कुंपणावरून
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गड्डा दिला,
मुळांशी काळी माती, त्यात एक गांडूळ.
म्हणाल्या, सॉरेल.
मला ऐकू आलं, सॉरी.
इथे माणसं दारावर आपटली
तरी दाराची माफी मागतात,
म्हणून मी म्हटलं, अहो, असू द्या.

मग एक पान चावलं
आणि जबड्याच्या मागे, कानाच्या पाळीखाली,
तीच जुनी कळ.
हा तर चुका!
त्यांना कसं सांगावं, आमच्यात
भाजीचं आणि हातून घडतं त्याचं
नाव एकच.

बार्शीचा चुका एका हंगामाचा.
पेरा, खुडा, बी धरा, विषय संपला.
हा तसा नाही.
पहिल्याच डिसेंबरात गारठ्याने पानांचा चिखल झाला,
मेला समजून मी तो उपटून टाकला,
त्या जागी पुदिना लावायचं ठरवलं.
मार्चमध्ये बघते तर
मातीत राहिलेल्या बोटभर मुळातून
लालसर, मिटलेल्या छत्रीसारखी
तीन पानं.
हालिनाबाई म्हणाल्या, त्याला कुठे जायचंय?

त्या त्याचं सूप करतात,
वर उकडलेल्या अंड्याची अर्धी फाक.
मी हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, गुळाचा खडा,
लसूण चांगली लाल होऊ द्यायची.
लोखंडी कढई घ्यायची नाही, हे एकदाच विसरले,
भाजीची शाई झाली.
हिरवा रंग तसाही कशातच टिकत नाही,
पानं कढईत पडताक्षणी खाकी.
विश्रामला मुतखडा,
डॉक्टरीणबाईंच्या यादीत पालक, बीट
आणि खाली पेनाने, वेगळं, हे.
तो समोर बसून वरणभात खातो,
फोडणीचा वास घेतो, विचारतो,
आंबट झालीय?
मी सांगते, झालीय.

जूनमध्ये तांबडे तुरे येतात.
ते कापायचे, नाहीतर पानं राठ होतात.
एका वर्षी नाही कापले.
त्या वर्षी मी कशालाच हात लावला नाही,
फोनलासुद्धा नाही.
धाकटीचे सात कॉल,
मग एक मेसेज, घर विकलं, तुझी सही लागली नाही.
गोगलगायींनी पानांची जाळी केली
आणि बी भिंतीपल्याडही गेलं.

चौथ्या वर्षी गड्डा मधून तोडावा लागतो,
कुदळीचा एकच घाव, मनाची तयारी न करता.
दोन्ही अर्धे जगतात.
हे मी कुणाला सांगावं म्हणून सांगत नाही.

हालिनाबाई आता लीड्सला, मुलाकडे.
त्यांच्या घरात कॅलम नावाचा पोरगा आलाय,
अंगणात सायकल आणि एक रिकामी कुंडी.
त्याला मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला,
त्याने लगेच पान तोंडात टाकलं,
एक डोळा घट्ट मिटला,
आणि का कोण जाणे म्हणाला,
सॉरी.

मी म्हटलं, मिठाला लावून खा.